पाणीपुरवठा, पाणी पुरवठा की पाणी-पुरवठा? पारिभाषिक जोडशब्द एकत्र लिहावेत का?

साळावली
सर्वांना नमस्कार. गोव्यातल्या गावोगावच्या नळयोजनांवरील पंपचालकांसाठी मराठीत देखभालीची एक पुस्तिका तयार होते आहे. मजकूर चौघांच्या हातचा आहे, त्यामुळे एकाच पानावर ‘पाणीपुरवठा’, ‘पाणी पुरवठा’ आणि ‘पाणी-पुरवठा’ असे तिन्ही प्रकार सापडतात. शेवटी शब्दसूची द्यायची आहे, तेव्हा काहीतरी एक ठरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

अडलेले काही शब्द: जलशुद्धीकरण प्रकल्प (की जल शुद्धीकरण प्रकल्प?), दाबमापक / दाब मापक, उच्चदाब / उच्च दाब, नळजोडणी / नळ जोडणी, उपअभियंता / उप अभियंता, अवशिष्ट क्लोरीन, प्रतिलिटर / प्रति लिटर.

माझे मत असे की तांत्रिक शब्द हे एका वस्तूचे किंवा एका क्रियेचे नाव असते, म्हणून तो जोडून लिहावा. पण ‘जलशुद्धीकरणप्रकल्पदेखभालवेळापत्रक’ असे कोणी लिहिणार नाही, हेही तितकेच खरे. मग जोडायचे ते कुठवर, आणि कशाच्या आधारावर?

मुद्रितशोधन
जोडूनच. आधार हवा असेल तर सामान्यरूप बघा.

मराठीत एक नाम दुसऱ्या नामाला नुसते टेकून उभे राहत नाही. मध्ये प्रत्यय लागतो आणि प्रत्ययाआधी नामाचे रूप बदलते (तेच सामान्यरूप): पाण्याचा पुरवठा, विजेचे मीटर, नळाची जोडणी. ‘पाण्याचा’मधला ‘चा’ गळला आणि ‘पाण्या’चे पुन्हा ‘पाणी’ झाले, म्हणजे समास झाला. समास म्हणजे एक शब्द. ‘पाणी पुरवठा’ असे मोकळे लिहिले तर ‘पाणी’ वाक्यात कोणत्या नात्याने आले ते सांगता येत नाही.

दुसरी कसोटी विशेषणाची. ‘जुनी नळजोडणी’ म्हणतो. नळ पुल्लिंगी, तरी कोणी ‘जुना नळ जोडणी’ म्हणत नाही. विशेषण सरळ ‘जोडणी’शी जुळते, कारण ‘नळ’ तिच्या पोटात गेलेला असतो.

मात्र ‘पाणी पुरवणे’, ‘पाणी पुरवणारी योजना’ हे सुटेच राहणार. तिथे पाणी हे क्रियापदाचे कर्म आहे.

दोनापावल
+१. जर्मन भाषा तर सगळेच जोडते. तिथल्या एका राज्यात गोमांसाच्या लेबलांवरील देखरेखीबद्दल १९९९ चा एक कायदा होता, त्याच्या नावाचा मुख्य शब्द ६३ अक्षरांचा. तो २०१३ मध्ये रद्द झाला.

कुळागर
मराठीला बाहेरचा दाखला कशाला? आपल्या जुन्या शब्दांकडे पाहा: पाणचक्की, पाणलोट, पाणथळ, पाणवठा, घोडदळ. ‘पाणी’चे ‘पाण’ झाले, ‘घोडा’चे ‘घोड’ झाले. पहिला शब्द असा आखडला की तो एकटा उभा राहूच शकत नाही, त्यामुळे ‘पाण चक्की’ लिहायचे कोणाच्या मनातही येत नाही. ‘पाणीपुरवठा’, ‘वीजपुरवठा’ हे नंतरचे शब्द. त्यांत पहिले पद अख्खे राहिले आणि तिथूनच मोकळी जागा सोडायची सवय शिरली.

गोव्यात याला आणखी एक कारण आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीही वापरता येते, म्हणून बराच मजकूर एका भाषेतून दुसरीत जातो. कोंकणीत ‘रुखा मूळ’ (झाडाचे मूळ), ‘घरा दार’ (घराचे दार) असे म्हणतात. ‘रूख’चे ‘रुखा’ झालेले दिसते, प्रत्यय नसला तरी सामान्यरूप शाबूत असते, म्हणून ते दोन शब्द सुटे लिहिणे तिथे रास्तच आहे. मराठीत उतरवताना सामान्यरूप जाते आणि मोकळी जागा तेवढी मागे राहते.

साळावली
कुळागरबाब, हे लक्षात आले नव्हते. आमच्या चौघांपैकी दोघांचा मूळ मजकूर कोंकणीतच आहे. देव बरें करूं.

लघुदाब
विजेच्या बाजूने लिहितो. ‘उच्चदाब’ आणि ‘उच्च दाब’ यांत फक्त लेखनाचा फरक नाही, अर्थाचा आहे.

उच्चदाब ही व्याख्या केलेली संज्ञा आहे. १९५६ च्या वीज नियमांनी घातलेल्या हद्दी अशा: २५० व्होल्टपर्यंत लघुदाब, ६५० पर्यंत मध्यमदाब, त्यापुढे ३३ केव्हीपर्यंत (३३ हजार व्होल्ट) उच्चदाब आणि ३३ केव्हीच्या वर अतिउच्चदाब. म्हणजे गोव्यातल्या ११ आणि ३३ केव्हीच्या वाहिन्या उच्चदाब, ११० आणि २२० केव्हीच्या अतिउच्चदाब. (रोजच्या बोलण्यात मात्र ४१५ व्होल्टच्या तीनफेज लाइनलाही लघुदाबच म्हणतात.) ‘उच्च दाब’ हे नुसते वर्णन झाले, कितीही दाब ‘उच्च’ असू शकतो.

आता पंपघरातली खरी अडचण. मराठीत व्होल्टेजलाही ‘दाब’ आणि पाण्याच्या प्रेशरलाही ‘दाब’. पुस्तिकेत ‘दाब कमी झाल्यास पंप बंद करावा’ असे वाक्य असेल तर चालकाने पॅनेलकडे बघायचे की पाइपाकडे? व्होल्टेज कमी झाले तर तेवढेच काम ओढायला मोटर जास्त अँपिअर घेते, वाइंडिंग (आतली तारांची गुंडाळी) तापते, जादा प्रवाह झाल्यावर मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले पडतो. तो पुन्हा पुन्हा बसवून मोटर चालवत राहिले तर वाइंडिंग जळते. पाण्याचा दाब कमी झाला तर कारणे निराळीच: पुढे पाइप फुटला आहे, फूट वॉल्व (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाची झडप) गळतो आहे किंवा सक्शनमध्ये, म्हणजे त्या पाइपात, हवा शिरली आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. ‘दाबमापक’ म्हटले तरी तेच: पॅनेलवर व्होल्टमीटर, पाइपावर प्रेशर गेज.

म्हणून ‘वीजदाब’ हा शब्द जोडून आणि प्रत्येक वेळी पूर्ण लिहा. नुसता ‘दाब’ पुस्तिकेत कुठेच ठेवू नका.

अवग्रह
लघुदाब यांचा मुद्दा पटला. एकच, संधी केला तर ‘अत्युच्चदाब’.

लघुदाब
व्याकरणाने बरोबर. पण उपकेंद्राच्या फाटकावर, ड्रॉइंगवर, परवान्यावर सगळीकडे ‘अतिउच्चदाब’ आहे. धोक्याचा शब्द वाचणाऱ्याला आधीच ओळखीचा असला पाहिजे.

अवग्रह
मान्य. धोक्याच्या सूचनेत रूढ रूपच राहू द्या.

मुद्रितशोधन यांनी सांगितलेल्या कसोटीला तीन गोष्टी जोडतो.

एक, काही उत्तरपदे (समासातली दुसरी पदे) अशा नावांत सुटी येत नाहीत: -मापक, -रोधक, -वाहक, -शामक, -दर्शक. या समासाला उपपद तत्पुरुष म्हणतात. ‘दाब मापक’, ‘गंज रोधक’ हे सरळ चूक. तसेच उप-, अति-, सह-, प्रति- हे उपसर्ग. ‘उप अभियंता’ कितीही दारांवर लिहिलेले दिसले तरी ‘उपअभियंता’च हवे. ‘कनिष्ठ अभियंता’ मात्र सुटे, कारण कनिष्ठ हे विशेषण आहे. त्याच न्यायाने ‘अवशिष्ट क्लोरीन’ सुटे.

दोन, जोडणे-तोडणे याचा ऱ्हस्व-दीर्घाशी थेट संबंध आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. १९६२ च्या मराठी लेखनविषयक नियमांनुसार तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) शब्द सुटा असताना अंती दीर्घ: गती, ध्वनी, भूमी, वायू, धातू. तोच शब्द समासात पूर्वपद झाला की मुळाप्रमाणे ऱ्हस्व: गतिरोधक, ध्वनिमुद्रण, भूमिगत, वायुगळती, धातुशास्त्र. म्हणून ‘गतीरोधक’ही चूक आणि ‘गति रोधक’ही चूक. ‘पाणी’ तत्सम नाही, ते दीर्घच राहते. ‘नदी’ मुळातच दीर्घान्त, म्हणून नदीपात्र.

तीन, ‘शुद्धीकरण’मधला ‘द्धी’ दीर्घ आहे तो वेगळ्या कारणाने. हा शुद्धि + करण असा समास नव्हे. जे शुद्ध नव्हते ते शुद्ध करणे, अशा अर्थाचा ‘ई’ तिथे आला आहे, जसा वर्गीकरण, विद्युतीकरण, डांबरीकरण यांत. पण पुस्तिकेला चुका दुरुस्त करणारे पान जोडावे लागले तर ते ‘शुद्धिपत्र’. वरच्या नियमाच्या भरात कोणी ‘जलशुद्धिकरण’ करू नये म्हणून मुद्दाम लिहितो.

आंब्याची_फोड
या हिशेबाने चोडणचे ‘पक्षी अभयारण्य’ काय लिहायचे? ‘पक्षिअभयारण्य’? कुठेच वाचलेले नाही.

अवग्रह
चांगला प्रश्न. ‘पक्षिनिरीक्षण’ आपण बिनदिक्कत लिहितो, कारण दुसरे पद व्यंजनाने सुरू होते. दुसरे पद स्वराने सुरू होत असेल आणि संधी केलेला नसेल, तर जोडलेल्या शब्दाच्या पोटात अ, उ, ओ असे पूर्ण स्वर येतात आणि डोळा अडखळतो. अशा ठिकाणी सुटे लिहायची रूढी आहे आणि ती पाळावी: पक्षी अभयारण्य, वीज उपकेंद्र. उपसर्गांना ही सवलत नाही.

खाजनबांध
मला थोडे उलट बोलायचे आहे. पुस्तिका कोणासाठी आहे? पंपघरात अपुऱ्या उजेडात, ओल्या हाताने पान उलटणाऱ्या माणसासाठी. जोडशब्द व्याकरणाने कितीही बिनचूक असला तरी एका नजरेत फुटत नसेल तर काय उपयोग?

‘जलदाब’ घ्या. डोळा आधी ‘जलद’ पकडतो आणि मग मागे फिरतो. ‘जलदर्शक’चे तेच. इथे ‘पाण्याचा दाब’, ‘पातळी दाखवणारी काच’ असे लिहिले तर जागा थोडी जास्त जाते, पण दुसऱ्यांदा वाचावे लागत नाही. सामान्यरूप आहे, प्रत्यय आहे, म्हणजे मुद्रितशोधनांची कसोटीही पाळली जाते. समास करायचा की नाही हे आपल्या हातात आहे. केला तर जोडून लिहा, पण प्रत्येक ठिकाणी तो करायलाच हवा असे नाही.

दुसरे उदाहरण आपल्याकडचेच. खाजन शेतीच्या (खाडीकाठच्या सखल शेतीच्या) बांधाला पाणी आत-बाहेर सोडणारी जी दारे असतात ती मानस. कामाच्या यादीत ‘मानस दुरुस्ती’ किंवा ‘मानसदुरुस्ती’ लिहिले तर गोव्याबाहेरचा मराठी माणूस मनाच्या दुरुस्तीपर्यंत पोचेल. :) ‘मानशीच्या दारांची दुरुस्ती’ लिहा, प्रश्नच मिटतो.

आणि ‘पाणी व वीज पुरवठा खंडित’ या वाक्याचे काय? जोडायचे म्हटले तर ‘वीजपुरवठा’ एक होतो आणि ‘पाणी’ लोंबकळत राहते.

मुद्रितशोधन
खाजनबांधबाब, ‘जलदाब’बद्दल पूर्ण सहमत. तो शब्द यादीतून काढाच.

‘पाणी व वीज पुरवठा’ला उपाय एकच: ‘पाणीपुरवठा व वीजपुरवठा’ असे दोन्ही पूर्ण लिहायचे. ‘पाणी- व वीजपुरवठा’ अशी लोंबती रेघ मराठी वाचकाच्या अंगवळणी नाही, ती छपाईतली चूकच वाटते.

विशेषणाने होणारा घोटाळाही इथेच सांगतो. ‘शुद्ध पाणीपुरवठा’मध्ये व्याकरणाने ‘शुद्ध’ पुरवठ्याला लागते, पाण्याला नाही. म्हणून ‘शुद्ध पाण्याचा पुरवठा’. ‘नियमित पाणीपुरवठा’ ठीक, कारण नियमित असतो तो पुरवठाच. पहिल्या पदाला विशेषण लावायची वेळ आली की समास सोडवायचा. ‘जुने फर्निचर विक्रेते’ ही पाटी याचे नेहमीचे उदाहरण: विक्रेते जुने की फर्निचर? ‘जुन्या फर्निचरचे विक्रेते’ म्हटले की संशय उरत नाही.

तिळारी_कालवा
आणि तीन-चार पदे असतील तेव्हा? ‘जलशुद्धीकरण प्रकल्प’मध्ये ‘प्रकल्प’ हे तिसरे पद सुटे का?

मुद्रितशोधन
आतला गट जोडायचा, बाहेरचे पद सुटे ठेवायचे. कशाचे शुद्धीकरण? जलाचे. हे दोन आधी एक झाले. मग त्याचा प्रकल्प. म्हणून ओपाचा, साळावलीचा, अस्नोड्याचा तो ‘जलशुद्धीकरण प्रकल्प’. ‘जल शुद्धीकरणप्रकल्प’ मात्र कधीच नको, तिथे गटच चुकतो. ‘उच्चदाब वाहिनी’ही तशीच: आधी उच्चदाब, मग वाहिनी. ‘उच्च दाबवाहिनी’ लिहिले तर वाहिनी उंचावर आहे असा अर्थ निघू शकतो. व्याकरण ‘प्रकल्प’ही जोडायला सांगते, पण दोन पदांपलीकडे जोडून डोळ्याला ताण देऊ नये, असे माझे मत.

फातर
‘चौपदरी’, ‘आठपदरी’ जोडून ना?

अवग्रह
हो. ‘पदरी’ सुटे वापरात नाही. झुआरी नदीवरचा नवा पूल आठपदरी, ‘आठ पदरी’ नव्हे. पण ‘आठ पदरांचा’ म्हणाल तर सुटे.

शोधपट्टी
सगळे ठरले तरी १०० पानांच्या फाइलीत ते अमलात कसे आणायचे, त्यावर कोणी बोलले नाही म्हणून लिहितो.

लिबरऑफिस रायटरमध्ये कंट्रोल-एच दाबा, खालच्या पर्यायांत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’वर खूण करा आणि शोधायच्या चौकटीत हे टाका:

पाणी[ -]?पुरवठ

चौकटी कंसात एक मोकळी जागा आणि एक रेघ आहे. पुढचे प्रश्नचिन्ह म्हणजे ‘असेल किंवा नसेल’. शेवटी ‘पुरवठा’ न लिहिता मुद्दाम ‘पुरवठ’वर थांबलो, म्हणजे पुरवठा, पुरवठ्याचा, पुरवठे सगळी रूपे सापडतात. बदली शब्द ‘पाणीपुरवठ’. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ असेल तिथे:

गत(ि|ी)[ -]?रोधक

याच्या बदली ‘गतिरोधक’. हे दोन्ही एकदम बदलले तरी चालतात. ‘उच्च दाब’ मात्र एकेक करून बघा, लघुदाब यांनी सांगितलेला अर्थभेद यंत्राला कळणार नाही.

न दिसणाऱ्या चिन्हांकडेही लक्ष ठेवा. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने न तुटणारी जागा येते, दिसायला साध्या जागेसारखीच. शब्दसूची एक्सेलमध्ये नेली की ‘ट्रिम’ने ती निघत नाही, कारण तिचा क्रमांक १६० आहे आणि ट्रिम फक्त साधी, ३२ क्रमांकाची जागा काढते. आधी सबस्टिट्यूटने १६० च्या जागी साधी जागा आणा, मग ट्रिम चालवा. नाहीतर एकच शब्द सूचीत दोनदा येतो आणि दोन्ही नोंदी डोळ्यांना सारख्याच दिसतात.

क्रमवारीचेही तसेच. सूचीत ‘जल शुद्धीकरण’ सुटे ठेवले तर शब्दवार क्रमात ते ‘जलकुंभ’च्याही आधी जाते. जोडले की जलकुंभ, जलरोधक, जलवाहिनी, जलशुद्धीकरण असा नीट क्रम लागतो. म्हणून सूची लावण्याआधी लेखन पक्के करा, नंतर नको.

शुद्धलेखन तपासणी जोडशब्दांखाली लाल रेघा मारेल. त्या पाहून शब्द तोडू नका. शब्द बरोबर असल्याची खात्री करून तो आपल्या शब्दकोशात घाला. विभक्तीचे रूप मात्र वेगळे घालावे लागते: ‘नळजोडणी’ घातला म्हणून ‘नळजोडणीला’ची रेघ जाईलच असे नाही.

साळावली
शोधपट्टी, दोन्ही सूत्रे चालवून पाहिली, काम झाले. १६० क्रमांकाच्या जागाही निघाल्या. ‘विद्युत’चे काय करू? ‘विद्युतपुरवठा’, ‘विद्युत्पुरवठा’, ‘विद्युत् पुरवठा’ तिन्ही आहेत.

अवग्रह
मूळ शब्द व्यंजनान्त, विद्युत्. मराठी विश्वकोशात तो पाय मोडूनच दिसतो. आजच्या नियमांत अशा शब्दांचा पाय मोडत नाहीत (जगत, परिषद, विद्वान), म्हणून ‘विद्युत’. संस्कृत संधी करायला गेलात तर विद्युज्जनित्र, विद्युच्चुंबक, विद्युल्लेपन अशी रूपे येतील, ती या पुस्तिकेत कोणाच्याच कामाची नाहीत.

लघुदाब
पंपचालकासाठी ‘वीज’ पुरे: वीजपुरवठा, वीजदाब, वीजवाहिनी. जोडताना ‘वी’ दीर्घच ठेवा. ‘विजेचा’मध्ये ऱ्हस्व होते म्हणून काही जण ‘विजपुरवठा’ लिहितात.

जाता जाता: ‘किलोवॅट प्रतितास’ कुठे असेल तर आत्ताच काढा. वीज मोजतो ती किलोवॅट गुणिले तास, भागिले नव्हे. म्हणून ‘किलोवॅट-तास’, मध्ये रेघ. १० किलोवॅटचा पंप ३ तास चालला की ३० किलोवॅट-तास, म्हणजे ३० युनिट.

साळावली
दोन ठिकाणी सापडले, दुरुस्त केले.

आतापर्यंत यादीत असे बसवले आहे: पाणीपुरवठा, वीजपुरवठा, नळजोडणी, जलवाहिनी, गंजरोधक, भूमिगत, उपअभियंता हे जोडून. जलशुद्धीकरण प्रकल्प आणि उच्चदाब वाहिनी यांत दोन पदे जोडून, तिसरे सुटे. अवशिष्ट क्लोरीन, कनिष्ठ अभियंता, वीज उपकेंद्र सुटे. जलदाब काढून ‘पाण्याचा दाब’. ‘दाबमापक’ला सूचीत दोन नोंदी केल्या: ‘वीजदाबमापक (व्होल्टमीटर)’ आणि ‘पाण्याचा दाबमापक (प्रेशर गेज)’. पहिल्यात तीन पदे जोडली गेली, पण ‘मापक’ तोडता येत नाही म्हणून तसेच ठेवले.

राहिले ‘प्रति’. नळाला येणाऱ्या पाण्यात मुक्त अवशिष्ट (शिल्लक राहिलेला) क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम ‘प्रतिलिटर’ असावा, हे एका पानावर. पुढच्या पानावर मात्रेचा तक्ता: लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर ‘प्रति १ लाख लिटर’ सुमारे ३०० ग्रॅम. एकीकडे जोडून, दुसरीकडे सुटे, चालेल का?

अवग्रह
चालेल. प्रतिदिन, प्रतितास, प्रतिलिटर जोडून. पुढे आकडा आला की जोडायला शब्दच नाही, म्हणून ‘प्रति १ लाख लिटर’. तक्त्यात ‘लाख लिटरला ३०० ग्रॅम’ लिहिलेत तर आणखी सोपे.

खाजनबांध
‘लाख लिटरला’च करा. पंपघरात असेच बोलतात.

साळावली
केले. शेवटची अडचण मुखपृष्ठाची. ‘नळ पाणीपुरवठा योजना: देखभाल-पुस्तिका’ हे नाव ४८ पॉइंटात लावले तर ‘पाणी’ वरच्या ओळीत आणि ‘पुरवठा’ खालच्या ओळीत जातो.

मुद्रितशोधन
आतल्या मजकुरात ओळ तुटायची तर जोडावरच तुटावी. तिथे कंट्रोल आणि रेघेची कळ दाबून ऐच्छिक रेघ (ओळ तिथे तुटली तरच दिसणारी) घाला, वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींत चालते. मुखपृष्ठावर मात्र शब्द तोडू नका. अक्षर ४२ पॉइंट करा आणि ओळ ‘नळ’नंतर नाही, ‘योजना’नंतर मोडा. शब्दसूचीची फाइल छपाईला जाण्याआधी इथे टाका, मी आणि अवग्रह एकेकदा नजर फिरवतो.